माशांचे नावगाव

उजनीच्या काठचा माणूस ज्याला चिलापी म्हणतो, तो तिलापिया मुळात आफ्रिकेचा मासा. त्याची मोझांबिक जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि तळी-धरणांतून अशी पसरली की आज बाजारात तिला कोणी परकी म्हणत नाही. चिलापी ज्या कुळातली, त्या कुळाला शास्त्रज्ञ सिक्लिड म्हणतात. गोव्यातला काळुंदर आणि केरळचा करिमीन हे आपल्या मातीतले सिक्लिड. म्हणजे हे घराणे आपल्या ताटात केव्हाच येऊन बसले आहे. काचेच्या टाकीत मात्र त्याचे दुसरे रूप दिसते. पिवळेधमक, निळेशार, पट्ट्यापट्ट्यांचे, दिवसभर भांडणारे हे मासे दुकानात 'मिक्स आफ्रिकन' या एकाच नावाने जोडीवर विकले जातात.

माझ्याकडे गेली काही वर्षे अशा माशांची चार फुटांची टाकी आहे. ती पाहून कोणी ना कोणी विचारतो, "मलाही ठेवायचेत, कोणते घेऊ, किती घेऊ?" मी उलट विचारतो, "कोणत्या तलावाचे?" समोरचा गोंधळतो. आफ्रिकेचे म्हटल्यावर झाले की! पण 'आफ्रिकन' हे काही माशाचे गाव नव्हे. पहिली टाकी लावणाऱ्याने काच, फिल्टर आणि दिवा घेण्याआधी माशाचे नावगाव विचारावे, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. हा इतिहास मुंबई आणि नाशिकवरून जातो आणि त्यात आपल्याला न आवडणारी पानेही आहेत.

तीन तलाव, तीन पाणी

पूर्व आफ्रिकेत तीन मोठे तलाव आहेत. मलावी (जुने नाव न्यासा) आणि टांगानिका हे दोन जमीन दुभंगून झालेल्या खचदरीत आहेत. दोन्ही लांबट आणि खोल. मलावीची लांबी साडेपाचशे किलोमीटरहून जास्त आणि खोली सुमारे ७०० मीटर. टांगानिका तर १,४०० मीटरहून खोल. तिसरा व्हिक्टोरिया, पसरट आणि उथळ. त्याची खोली जेमतेम ८० मीटर भरते. एकट्या मलावीत सिक्लिडच्या ८०० च्या आसपास जाती असाव्यात असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

या तलावांच्या पाण्याचा स्वभाव वेगवेगळा आहे. टांगानिकाचे पाणी सर्वांत क्षारयुक्त, पीएच नऊच्या आसपास. मलावीचे त्याहून सौम्य, साधारण ७.७ ते ८.६. खाण्याच्या सवयी आणि भांडणाची पद्धतही वेगळी. म्हणून तिन्ही तलावांचे मासे एका टाकीत कोंबले की कोणालाच धड आपले घर मिळत नाही. टांगानिकाचे काही मासे फार नाजूक असतात आणि व्हिक्टोरियाचे खात्रीचे मासे मिळणे कठीण. नवशिक्याला सोपा मलावी. त्यातही खडकाळ किनाऱ्याला राहणारे 'म्बुना'. हा शब्द मलावीच्या किनाऱ्यावरच्या टोंगा लोकांचा. तिथल्या कोळ्यांनी खडकातल्या माशांना दिलेले हे नाव पुढे शास्त्रज्ञांनी आणि जगभरच्या हौशी लोकांनी तसेच उचलले. तलावाच्या जुन्या नावाची कथा उलटी आहे. 'न्यासा' या शब्दाचा अर्थच मुळी तलाव. युरोपीय नकाशावर 'लेक न्यासा' लिहिले गेले, म्हणजे 'तलाव तलाव'.

बरणीतले मासे आणि साखळीतली माणसे

डेव्हिड लिव्हिंगस्टन १८५९ मध्ये या तलावाशी पोचला. १८६१ च्या सप्टेंबरात तो होडी घेऊन पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे गेला, तेव्हा त्याच्यासोबत डॉ. जॉन कर्क होता. कर्क वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने जमवलेले मासे आणि सरपटणारे प्राणी लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेले आणि तिथल्या अल्बर्ट गुंथर यांनी १८६४ मध्ये त्यांची वर्णने छापली. मलावीच्या सिक्लिडची शास्त्रातली ओळख इथून सुरू होते.

त्याच किनाऱ्यावर न्खोटाकोटा हे गाव होते. झांझिबारच्या व्यापारजाळ्यातल्या सलीम बिन अब्दुल्ला याने १८४० च्या सुमारास तिथे बस्तान बसवले होते. 'जुंबे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या घराण्याची गलबते तलावातून पूर्व किनाऱ्याला हस्तिदंत आणि माणसे नेत. तिथून पायी किल्वा बंदर आणि मग झांझिबार. दरवर्षी हजारो माणसे या वाटेने गेली. पकडणाऱ्यांत आणि विकणाऱ्यांत याओ सरदार होते, विकत घेणाऱ्यांत किनाऱ्यावरचे मुसलमान व्यापारी होते. झांझिबारच्या जकातीचा मक्ता बराच काळ कच्छच्या जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. या व्यापाराला लागणारे भांडवल आणि कापड पुरवणाऱ्यांत हिंदी व्यापारी होते, हिंदूही आणि मुसलमानही.

हे मी मुद्दाम लिहितो. गुलाम मुक्त करणे हे मोठे पुण्य, असे आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो आणि ते खरेच आहे. पण न्खोटाकोट्याच्या किनाऱ्यावर साखळीत बांधलेल्या माणसाला त्या शिकवणीचा काय उपयोग झाला, हेही विचारायला हवे. अटलांटिकच्या गुलामगिरीबद्दल बोलताना आपला आवाज चढतो आणि झांझिबारचे नाव निघाले की तो खाली येतो. याच तलावाकाठच्या याओ लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या संख्येने इस्लाम स्वीकारला. आज मलावी देशात सुमारे १४ टक्के लोक मुसलमान आहेत. विकणाऱ्यांचे आणि विकल्या गेलेल्यांचे वारस आज एकाच सफेत उभे राहतात, ही गोष्ट मला दिलासा देते. पण त्या दिलाशाने हिशेब मिटत नाही.

मासे जमवणारा कर्क पुढे झांझिबारला ब्रिटिशांचा प्रतिनिधी झाला. १८७३ च्या जूनमध्ये सुलतान बर्गश याने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या करारावर सही केली, ती त्याच्या दबावाखाली. त्या दबावामागे साम्राज्याचे स्वतःचे हिशेब होतेच. पण बाजार बंद झाला, हेही खरे.

मुंबई, नाशिक आणि दोन याओ मुले

या तलावासाठी लिव्हिंगस्टनने स्वतःच्या पैशाने एक छोटी आगबोट बांधून घेतली होती, 'लेडी न्यासा'. ती तलावापर्यंत पोचलीच नाही. १८६४ मध्ये मोहीम गुंडाळावी लागली, तेव्हा त्याने ती झांझिबारहून थेट समुद्र ओलांडून मुंबईला आणली. जून महिना, पावसाळा तोंडावर, कोळसा अपुरा. बोट शेवटी मुंबईतच खर्चाच्या निम्म्याहून कमी किमतीला विकली गेली.

त्या बोटीवर चुमा आणि विकातानी ही दोन याओ मुले होती. १८६१ मध्ये गुलामांच्या एका तांड्यातून त्यांची सुटका झाली होती. लिव्हिंगस्टनने त्यांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवले. हे तेच विल्सन, ज्यांच्या नावाचे कॉलेज चौपाटीवर आहे. बोटीवरचाच सुसी नावाचा माणूस मुंबईच्या गोदीत कामाला राहिला. नाशिकला शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. अरबी समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या गलबतांवरून सुटलेली आफ्रिकी मुले तिथे शिकत, सुतारकाम-लोहारकाम करत. १८६६ च्या सुरुवातीला लिव्हिंगस्टन मुंबईहून पुन्हा आफ्रिकेला निघाला, तेव्हा चुमा, विकातानी, सुसी आणि नाशिकच्या शाळेतली नऊ मुले त्याच्यासोबत होती. विकातानीला तलावाजवळ आपले नातेवाईक भेटले आणि तो तिथेच राहिला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा चुमा, सुसी आणि सोबत्यांनी त्याचे शव वाळवून, गुंडाळून, कित्येक महिने चालत समुद्रकिनारी आणले. शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हाही नाशिकच्याच शाळेचा.

आणखी एक याओ माणूस आठवतो. लहानपणी पकडला गेला, विकला गेला, हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढला. मालक वारल्यावर सुटून झांझिबारला परतला. लोक त्याला सिद्दी मुबारक बॉम्बे म्हणत. बर्टन आणि स्पीक १८५८ मध्ये टांगानिकाला पोचले ते याच्या सोबतीने, आणि त्याच वर्षी स्पीक व्हिक्टोरियाच्या दक्षिण काठी पोचला तेव्हाही हा होताच. हबशी म्हटले की आपल्याला मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. हा सिद्दी मात्र आपल्या शहराचे नाव घेऊन फिरला आणि आपण त्याला ओळखतही नाही. आईबापांनी ठेवलेले त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. मागे उरले ते परक्या किनाऱ्यांनी दिलेले नाव.

माशांना कोणाची नावे मिळाली?

लिव्हिंगस्टनच्या नावाचा एक मासा मलावीत आहे, निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी. तो तळाशी मेल्यासारखा आडवा पडून राहतो आणि जवळ आलेल्या छोट्या माशाला गट्ट करतो. स्थानिक कोळी त्याला आपल्या भाषेत 'झोपाळू' म्हणतात. लंडनच्या नावापेक्षा हे नाव माशाची ओळख जास्त सांगते. कर्कच्या नावाचाही मासा आहे. चुमाच्या, सुसीच्या नावाचा मासा माझ्या पाहण्यात नाही.

पुढे एथेलविन ट्रेवावास यांनी १९३५ मध्ये न्यासाच्या सिक्लिडची पद्धतशीर यादी मांडली. १९५० च्या दशकात जेफ्री फ्रायर यांनी न्खाटा बे इथे राहून म्बुना मासे खडकांवर काय खातात, कसे राहतात याचा बारकाईने अभ्यास केला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जिवंत मासे विमानाने युरोप-अमेरिकेला जाऊ लागले. गोड्या पाण्यात समुद्री प्रवाळातल्या माशांसारखे रंग! हौशी लोक वेडे झाले. १९७० च्या दशकात स्टुअर्ट ग्रँट यांनी सलिमाजवळ निर्यातीचे केंद्र उभारले. पाण्यात बुडी मारून मासे शोधणारे आणि पकडणारे मात्र मलावीचेच लोक होते.

त्यांतल्याच एकाचे नाव सॉलोस म्वाले. १९९० मध्ये आड कोनिंग्ज यांनी एका नव्या म्बुना माशाचे वर्णन केले आणि त्याला सॉलोस यांचे नाव दिले: सॉलोसी. जेमतेम तीन इंचांचा मासा. मादी पिवळी, नर मोठा होताना निळा होतो आणि अंगावर काळे पट्टे येतात. पाण्यात बुडी मारणाऱ्याचे नाव अखेर एकदा माशाला लागले, याचे मला समाधान वाटते. पण हा मासा निसर्गात तैवान रीफ नावाच्या एका छोट्या खडकाळ भागातच राहतो. व्यापारासाठी इतका पकडला गेला की आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. नाव मिळाले आणि गाव हातचे जाऊ लागले.

तलावाचे नियम, टाकीचे नियम

आता टाकीकडे येऊ. पहिली टाकी लावण्याचे जे नियम आहेत, ते सगळे त्या खडकाळ किनाऱ्यावरून आलेले आहेत.

आकार: चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सुमारे २५० लिटर पाणी. याहून छोटी टाकी घेऊ नका. म्बुना आपल्या जागेसाठी भांडतात आणि हरलेल्याला पळायला जागा हवी. दगडांसकट हे वजन ३०० किलोच्या वर जाते, तेव्हा स्टँड लोखंडी घ्या आणि काचेखाली थर्माकोल टाका.

दगड: आधी दगड थेट तळाच्या काचेवर पक्के बसवा, मग भोवती वाळू टाका. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर ठेवलेला दगड घसरून काच फुटते. फटी आणि कपारी भरपूर ठेवा. झाडे लावण्याच्या फंदात पडू नका, ती खाल्ली जातील.

पाणी: पावसाच्या धरणांचे नळाचे पाणी बहुधा मऊ असते, बोअरचे जड. अंदाजाने चालू नका, दुकानात मिळणाऱ्या किटने तपासा. मऊ असेल तर वाळूत प्रवाळाचा चुरा मिसळला की पाण्याला क्षार मिळतात आणि पीएच आठच्या आसपास टिकतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढणारे औषध टाकल्याशिवाय पाणी टाकीत घालू नका. तापमान २४ ते २७ अंश. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतो.

सबुरी: हा सर्वांत अवघड भाग. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरे थोड्या प्रमाणात चालते. हे जीवाणू फिल्टरमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. हौशी लोक याला सायकलिंग म्हणतात. तोवर टाकीत मासे न सोडता थोडा अमोनिया घालत राहायचा आणि रोज तपासायचे. घातलेला अमोनिया एका दिवसात संपला आणि नायट्राइट शून्य आले की टाकी तयार. संध्याकाळी टाकी आणि सकाळी मासे, असे करणाऱ्याच्या टाकीतून आठवड्याभरात मेलेले मासे निघतात आणि मग तो दुकानदाराला दोष देतो. फिल्टर मोठा घ्या, तासाला टाकीतले पाणी पाच-सहा वेळा फिरवेल असा. आणि दर आठवड्याला तीसेक टक्के पाणी बदला.

मासे: सोपे दोन मार्ग सांगतो. पहिला, एकाच जातीचा कळप, म्हणजे बारा ते पंधरा सॉलोसी, तेही पैदास केलेले. दुसरा, सहा-आठ पिवळे लॅब आणि त्यांच्यासोबत सहा रस्टी. पिवळ्या लॅबचे वर्णन फ्रायर यांनी १९५६ मध्ये केले. ही जात अनेक ठिकाणी सापडते, पण टाक्यांत दिसणारा पिवळा रंग किनाऱ्याच्या एका लहान भागातला, लायन्स कोव्हचा. त्याच जातीचे इतर ठिकाणचे मासे फिकट-पांढरे. म्हणजे इथेही रंग गावावरून ठरतो. पिल्ले घ्या. मोठी झाल्यावर एका नरामागे तीन-चार माद्या राहतील असे पाहून जादा नर दुसऱ्याला द्या. मासे थोडे ठेवले तर एकटा दांडगा एकट्या दुबळ्याला छळून मारतो. कळप असला की राग वाटला जातो. ऑराटस नावाचा पिवळा-काळा पट्ट्यांचा मासा स्वस्त आणि देखणा असतो, पण पहिल्या टाकीत तो नको. तो इतरांना जगू देत नाही.

खाणे: म्बुना दगडांवरचे शेवाळ खरवडून खातात. त्यांचे आतडे लांब असते. हौसेने रक्तकृमी किंवा मांस खाऊ घातले की पोट फुगते आणि मासा मरतो. स्पिरुलिना असलेले दाणे, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपतील इतकेच.

एवढे नीट केले तर काही महिन्यांत एखादी मादी गाल फुगवून, तोंड बंद करून कोपऱ्यात बसलेली दिसेल. तिच्या तोंडात अंडी आहेत. सुमारे तीन आठवडे ती जवळजवळ काही खात नाही. आपली मोझांबिकची चिलापीसुद्धा हेच करते.

'मिक्स' का नको

म्बुना माशांच्या जाती दिसायला वेगळ्या असल्या तरी रक्ताने फार जवळच्या आहेत. आपल्या जातीचा जोडीदार नसला की त्या दुसऱ्या जातीशी जुळतात आणि पिल्ले धड याची ना त्याची निघतात. पिढ्या गेल्या की अशी टाकी करड्या-तपकिरी माशांनी भरते. दुकानातले 'मिक्स आफ्रिकन' बऱ्याचदा अशाच टाक्यांतून येतात. रंगीबेरंगी ठिपक्यांचा 'ओबी पीकॉक' तर माणसाने संकर करून बनवलेला. कोणत्याच तलावात त्याचे घर नाही. संकर म्हणजे पाप नव्हे, आणि माणसांच्या बाबतीत शुद्धतेची भाषा किती घातक असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मुद्दा नोंदीचा आहे. नावगाव असलेला मासा टाकीत सांभाळला तर तलावातला वंश धोक्यात आल्यावर तो कामी येऊ शकतो. सॉलोसीची पैदास करून ती परत तैवान रीफवर सोडण्याचे प्रयत्न याच भरवशावर झाले.

आणि धोका कल्पनेतला नाही. व्हिक्टोरिया तलावात १९५० च्या दशकात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला, उत्पादन वाढावे म्हणून. १९८० च्या दशकात त्याची संख्या अफाट वाढली. काठावरच्या कारखान्यांतून त्याचे मांस युरोपला जाऊ लागले आणि तलावातल्या सिक्लिडच्या दोनशेच्या आसपास जाती नाहीशा झाल्या असाव्यात असा अंदाज आहे. त्यांतल्या कित्येकांना नाव मिळण्याआधीच त्या गेल्या. मलावीत १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८४ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण ते तलावाच्या एका छोट्या कोपऱ्यापुरतेच.

मासे पाळणे ही हौस आहे, तिच्यावर सगळ्या इतिहासाचे ओझे लादू नये हे मला मान्य आहे. मुलांनी आधी रंग बघून खूश व्हावे. पण कोणाचा तरी जीव आपण काचेत ठेवतो, तेव्हा तो आपल्याकडे अमानत असतो, आणि अमानत ठेवणाऱ्याने ती कोणाची, कुठली, हे लिहून ठेवावे. दुकानात गेलात की जातीचे नाव विचारा, तलाव विचारा, जमले तर किनाऱ्यावरचे ठिकाणही विचारा. सांगता आले नाही तर दुसरे दुकान बघा. मिळालेली माहिती एका वहीत लिहा आणि पिल्ले कोणाला दिलीत तर ते पानही उतरवून द्या. चिलापी आपल्याकडे आली तेव्हा तिचे गाव कोणी विचारले नाही. सिद्दी मुबारकचेही नाही. विचारायची सवय माशापासून लागली, तरी चालेल.